युनिटीत नावावरून यूआय ऑब्जेक्ट शोधणं: कुठे चालतं, कुठे अडतं

युनिटी या गेम इंजिनच्या स्क्रिप्टमधून एखादं बटण, स्लायडर किंवा पॅनेल, म्हणजे पडद्यावरचा यूआय ऑब्जेक्ट, हाती घ्यायचे दोन रस्ते आहेत. एक, स्क्रिप्टमध्ये फील्ड ठेवायचं आणि इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या ऑब्जेक्टचे तपशील दाखवणाऱ्या विंडोत) त्यात ऑब्जेक्ट ओढून टाकायचा. दुसरा, कोडमध्ये नाव लिहून शोधायचा. पहिला रस्ता मोकळा असेल तेव्हा तोच धरा. इन्स्पेक्टरमध्ये दिसावं म्हणून सिरियलाइझफील्ड लावलेल्या प्रायव्हेट फील्डमध्ये स्लायडर ओढून टाकला, की पुढे कुणी त्याचं नाव बदलो किंवा तो दुसऱ्या पॅनेलखाली हलवो, रेफरन्स तुटत नाही.

तरीही नावावरून शोधायची वेळ येतेच. प्रीफॅबला (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार साच्याला) सीनमधल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स साठवता येत नाही. एका सीनमधल्या स्क्रिप्टला दुसऱ्या सीनमधला ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमधून जोडता येत नाही. एकाच साच्याची वीस-पंचवीस बटणं असली तर प्रत्येक ओढत बसणं परवडत नाही. आणि यूआय टूलकिट (युनिटीत यूआय बनवायची दुसरी व्यवस्था) वापरत असाल तर नावाने शोधणं हीच तिथली रोजची पद्धत आहे.

अडचण एवढीच, की नाव ही साधी स्ट्रिंग असते आणि कंपायलर ती तपासत नाही. एक अक्षर चुकलं तरी बिल्ड बिनबोभाट होतं आणि चूक खेळाडूसमोर उघडी पडते. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांमागे धोरण एकच आहे: शोध एकदाच घ्यायचा, शक्य तितक्या जवळून घ्यायचा, आणि सापडलं नाही तर तिथल्या तिथे बोंब ठोकायची.

(क्लास आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. ऑब्जेक्टच्या नावांचंही तेच; त्याचं कारण पुढे येईल.)

दोन फाइंड, दोन वेगळे स्वभाव

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. गेमऑब्जेक्ट.फाइंड आणि ट्रान्सफॉर्म.फाइंड यांची नावं सारखी असली तरी काम अगदी वेगळं आहे.

गेमऑब्जेक्ट.फाइंड लोड झालेल्या सगळ्या सीन धुंडाळतं, पण फक्त चालू ऑब्जेक्ट बघतं. इथे ‘चालू’ म्हणजे हायरार्कीत (ऑब्जेक्टच्या पॅरंट-मुलांच्या झाडात) प्रत्यक्ष चालू. बटणाची स्वतःची टिक लावलेली असेल, पण त्याचं पॅरंट पॅनेल बंद असेल, तर ते बटण या फंक्शनच्या दृष्टीने नाहीच. यूआयमध्ये निम्मी पॅनेल सुरुवातीला बंद ठेवलेली असतात, त्यामुळे ‘समोर हायरार्कीत दिसतंय, नावही बरोबर आहे, तरी नल (म्हणजे ‘काहीच नाही’) मिळतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. त्याच नावाचे दोन ऑब्जेक्ट असतील तर कोणता मिळेल याची हमी नाही. नावात तिरकी रेघ दिली तर ती पाथ समजली जाते: "कॅनव्हास/मेनूपॅनेल/प्लेबटण". सुरुवातीलाच तिरकी रेघ दिली तर पहिलं नाव ज्याला पॅरंट नाही अशाच ऑब्जेक्टचं असावं लागतं.

ट्रान्सफॉर्म म्हणजे ऑब्जेक्टची जागा आणि त्याचं पॅरंट-मुलांचं नातं सांभाळणारं कॉम्पोनंट. ट्रान्सफॉर्म.फाइंड फक्त त्या ट्रान्सफॉर्मच्या थेट मुलांमध्ये बघतं. बंद मुलंही त्याला सापडतात, आणि यूआयसाठी तेच हवं असतं. पण ते खोल शिरत नाही. नातवंड हवं असेल तर मधल्या प्रत्येक पायरीचं नाव देऊन पूर्ण पाथ लिहावा लागतो. आणि ऑब्जेक्टच्या नावातच तिरकी रेघ असेल, उदाहरणार्थ "चालू/बंद", तर ते नाव पाथ समजलं जातं आणि ऑब्जेक्ट कधीच सापडत नाही. नावात तिरकी रेघ ठेवू नका.

दोन्हींमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, आणि दोन्ही फंक्शन काही न सापडल्यास मुकाट्याने नल देतात.

यूआयसाठी नियम सोपा ठेवा. पहिलं मूळ, म्हणजे कॅनव्हास किंवा त्या स्क्रीनचं पॅनेल, शक्यतो इन्स्पेक्टरमधून जोडा. तिथून आतलं सगळं ट्रान्सफॉर्म.फाइंडने घ्या. गेमऑब्जेक्ट.फाइंड लागलंच तर फक्त ते मूळ मिळवण्यापुरतं वापरा, आणि दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये तर कधीच नको. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला ६० वेळा सगळे सीन उपसणं.

एक पॅनेल शेवटपर्यंत

समजा हायरार्की अशी आहे. सर्वात वर "कॅनव्हास". त्याखाली "सेटिंग्जपॅनेल", सुरुवातीला बंद. पॅनेलखाली "क्लोजबटण" आणि "व्हॉल्यूमरो". व्हॉल्यूमरोखाली "व्हॉल्यूमस्लायडर" आणि "व्हॉल्यूमलेबल". स्लायडर सरकवला की लेबलवर टक्के दिसायला हवेत, बटण दाबलं की पॅनेल बंद व्हायला हवं.

स्क्रिप्ट कॅनव्हासवर ठेवा, पॅनेलवर नाही. बंद ऑब्जेक्टवरच्या स्क्रिप्टचं अवेक (सुरुवातीला एकदाच चालणारं फंक्शन) तो ऑब्जेक्ट पहिल्यांदा चालू होईपर्यंत चालतच नाही. पॅनेलवरच स्क्रिप्ट ठेवली आणि पॅनेल उघडण्याचं कामही तिच्याकडेच दिलं, तर ते पॅनेल कधी उघडणारच नाही.

अवेकमध्ये आधी पॅनेल घ्या:

पॅनेल = ट्रान्सफॉर्म.फाइंड("सेटिंग्जपॅनेल");

मग पॅनेलपासून आत:

स्लायडर = पॅनेल.फाइंड("व्हॉल्यूमरो/व्हॉल्यूमस्लायडर").गेटकॉम्पोनंट<स्लायडर>();

ही दुसरी ओळ बहुतेक ट्युटोरियलमध्ये अशीच असते, आणि चूक कळण्याच्या दृष्टीने ती वाईट आहे. यात नलचे दोन वेगळे उगम एकत्र आले आहेत. पाथ चुकला तर याच ओळीवर नलरेफरन्सएक्सेप्शन येतं, पण कोणतं नाव सापडलं नाही ते त्यात नसतं. ऑब्जेक्ट सापडला पण त्यावर स्लायडर कॉम्पोनंटच नसला, तर ही ओळ निमूट पार पडते आणि एक्सेप्शन पुढे भलत्याच ठिकाणी, व्हॅल्यू वाचताना, येतं.

दुसरा प्रकार सर्वाधिक होतो तो लेबलच्या बाबतीत. हल्लीच्या युनिटीत मेनूमधून टेक्स्ट घातलं की टेक्स्टमेशप्रोचं कॉम्पोनंट येतं. जुन्या धड्यातून उचललेला कोड मात्र गेटकॉम्पोनंट<टेक्स्ट> मागतो आणि त्याला नल मिळतो. टेक्स्टमेशप्रोयूजीयूआय हा टाइप मागा, किंवा त्याचा बेस क्लास टीएमपीटेक्स्ट (रोमनमध्ये मधे अंडरस्कोअर), आणि फाइलच्या वर टीएमप्रो नेमस्पेस घ्या.

रेफरन्स हाती आले की स्लायडरला सुरुवातीची किंमत द्यायची. ती साध्या व्हॅल्यूने दिली तर ऑनव्हॅल्यूचेंज्ड लगेच वाजतं आणि नुकतीच वाचलेली सेटिंग पुन्हा साठवली जाते. सेटव्हॅल्यूविदाउटनोटिफाय वापरा. ॲडलिसनर (बदल किंवा क्लिक झाल्यावर चालायचं फंक्शन, म्हणजे लिसनर, जोडणं) अवेकमध्ये एकदाच करा. ऑनएनेबलमध्ये करणार असाल तर ऑनडिसेबलमध्ये रिमूव्हलिसनर हवंच, नाहीतर स्क्रिप्ट जितक्या वेळा चालू होईल तितके लिसनर साठतात आणि एका टिचकीला तेच काम चार-चार वेळा होतं. रिमूव्हलिसनरला जोडलेलं तेच, नाव असलेलं फंक्शन द्यावं लागतं. जागेवर लिहिलेलं लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) पुन्हा लिहून काढता येत नाही, कारण ते दुसरं ऑब्जेक्ट ठरतं.

शोधणारं फंक्शन स्वतःचं लिहा

वरची ओळ जागोजागी लिहिण्यापेक्षा एक छोटं जेनेरिक स्टॅटिक फंक्शन लिहा. त्याला मुळाचा ट्रान्सफॉर्म आणि पाथ द्यायचा, आणि त्याने हवा तो कॉम्पोनंट परत करायचा. आत पायऱ्या अशा:

१. मूळ.फाइंड(पाथ) बोलवा. नल आलं तर एक्सेप्शन फेका. संदेशात मुळाचं नाव, मागितलेला पाथ, आणि मुळाच्या थेट मुलांची नावं लिहा. प्रत्येक नाव चौकटी कंसात ठेवा. कंस का, ते पुढच्या भागात.

२. सापडलेल्या ट्रान्सफॉर्मवर ट्रायगेटकॉम्पोनंट बोलवा. फॉल्स आलं तर वेगळा संदेश: ऑब्जेक्ट सापडला, पण अमुक टाइप त्यावर नाही.

३. सगळं ठीक असेल तर कॉम्पोनंट परत करा.

एक्सेप्शनऐवजी डीबग.लॉगएरर वापरत असाल तर दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये मूळ ऑब्जेक्ट द्या. कन्सोलमधल्या त्या संदेशावर क्लिक केलं की हायरार्कीत तोच ऑब्जेक्ट उजळतो, आणि चाळीस पॅनेलांमधून नेमकं पॅनेल शोधायचा वेळ वाचतो. डीबग.असर्टवर मात्र इथे विसंबू नका, साध्या रिलीज बिल्डमध्ये ते गळून पडतं.

काही जण नलचा त्रास टाळायला प्रश्नचिन्ह-डॉट लावतात. यूआयमध्ये हे दुहेरी घातक आहे. एक तर चूक दडपली जाते: बटण दिसतं, दाबलं जातं, पण काही होत नाही आणि कन्सोल कोरा. दुसरं म्हणजे, डिस्ट्रॉय झालेला ऑब्जेक्ट ‘नल आहे’ असं युनिटी दाखवते ते तिने बदललेल्या दोन-बरोबर चिन्हामुळे. प्रश्नचिन्ह-डॉट आणि दुहेरी प्रश्नचिन्ह ती बदललेली तुलना वापरत नाहीत, सरळ सी शार्पची नल तपासणी करतात. त्यामुळे मेलेला ऑब्जेक्टही त्यांना जिवंत वाटतो आणि पुढे मिसिंगरेफरन्सएक्सेप्शन येतं. युनिटीच्या ऑब्जेक्टसाठी नेहमी सरळ इफमध्ये दोन-बरोबर लिहून तपासा.

पाथच्या स्ट्रिंग कोडभर विखरू देऊ नका. एका स्टॅटिक क्लासमध्ये कॉन्स्ट म्हणून ठेवा. डिझायनरने एखादी ओळ नव्या ग्रुपखाली हलवली तर बदल एका जागी होईल.

तयार कंट्रोलच्या पोटातली नावं

युनिटीच्या मेनूमधून घातलेले कंट्रोल एकसंध नसतात, आत त्यांची स्वतःची मुलं असतात. पाथ लिहिताना ही रचना माहीत असली की अंदाज बांधत बसावं लागत नाही. स्लायडरमध्ये "बॅकग्राउंड", "फिल एरिया" आणि "हँडल स्लाइड एरिया" असतात. भरलेल्या पट्टीचा रंग बदलायचा तर "फिल एरिया/फिल". टॉगलमध्ये बरोबरची खूण "बॅकग्राउंड/चेकमार्क" इथे, मजकूर "लेबल" मध्ये. स्क्रोल व्ह्यूमध्ये नव्या ओळी टाकायची जागा "व्ह्यूपोर्ट/कंटेंट". टेक्स्टमेशप्रोच्या इनपुट फील्डमध्ये "टेक्स्ट एरिया/प्लेसहोल्डर". बटणाच्या आतल्या मजकुराचं नाव "टेक्स्ट (टीएमपी)", मधली जागा आणि कंस धरून. या नावांमधल्या जागा खऱ्या आहेत, त्या गाळल्या तर शोध फसतो.

याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट बिघडते. पूर्ण पाथ लिहायचा कंटाळा म्हणून बरेच जण गेटकॉम्पोनंट्सइनचिल्ड्रन<ट्रान्सफॉर्म>(ट्रू) ने सगळी पिलावळ एकदम घेतात आणि नावावरून डिक्शनरी भरतात. कल्पना चांगली आहे, मोठ्या स्क्रीनसाठी मी तीच सुचवेन, पण पॅनेलमध्ये दोन स्लायडर असले की "बॅकग्राउंड" दोनदा येतं. चौकटी कंसाने किंमत भरली तर दुसरं पहिल्याला गुपचूप पुसतं. ॲडने भरली तर आर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं, पण ते तुमच्या चुकीमुळे नव्हे, युनिटीच्या आतल्या नावांमुळे.

तोड अशी: जे ऑब्जेक्ट कोडला हवे आहेत त्यांच्याच नावापुढे ठरावीक खूण लावा, उदाहरणार्थ "यूआय_". डिक्शनरीत फक्त ही खूण असलेली नावं घ्या आणि ती ॲडनेच भरा, म्हणजे तुमच्या नावांमध्ये खरोखर दुबार झालं तर लगेच कळेल. खूण तपासताना स्टार्ट्सविथला स्ट्रिंगकम्पॅरिझन.ऑर्डिनल द्या, नाहीतर तुलना मशीनवरच्या भाषेच्या नियमांनी होते. यादीतला पहिला ट्रान्सफॉर्म मूळ स्वतःच असतो, तेही ध्यानात ठेवा. या खुणेचा आणखी एक फायदा आहे: हायरार्कीत नाव बदलायला आलेल्या डिझायनरला दिसतं, की या नावावर कोड अवलंबून आहे.

नावाचीच गडबड

पाथ बरोबर, पॅनेल बरोबर, आणि तरी नल. अशा वेळी नावात डोळ्यांना न दिसणारं काहीतरी असतं.

इन्स्टन्शिएटने बनवलेल्या ऑब्जेक्टच्या नावामागे "(क्लोन)" लागतं. "स्कोअररो" शोधत असाल आणि हायरार्कीत "स्कोअररो(क्लोन)" असेल तर सापडणार नाही. बनवल्याच्या पुढच्याच ओळीत नाव स्वतः द्या. त्याहून चांगलं म्हणजे इन्स्टन्शिएटने परत दिलेला रेफरन्सच जपा. हातात असलेली वस्तू पुन्हा नावाने शोधायचं कारण नाही. एडिटरमध्ये ऑब्जेक्टची नक्कल केली की " (1)" असा आकडा लागतो, त्याआधी एक जागाही असते. हा आकडा कसा लागावा ते प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एडिटर विभागातल्या नंबरिंग स्कीममधून बदलता येतं.

नावाच्या शेवटी राहिलेली जागा हा जुना छळ. इन्स्पेक्टरमध्ये ती दिसत नाही. म्हणूनच संदेशात नाव चौकटी कंसात छापायचं: [क्लोजबटण ] असं छापलं गेलं की बंद होणाऱ्या कंसाआधीची फट लगेच दिसते. सोबत नावाची लेंग्थही छापा.

आता देवनागरी नावांबद्दल, कारण मराठी टीममध्ये ऑब्जेक्टना मराठी नावं द्यायचा मोह होतोच. युनिटी ती साठवते आणि शोधतेही. अडचण युनिकोडची आहे. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. काही कीबोर्ड त्यातला अर्धा र वेगळ्या ऱ ने लिहितात, म्हणजे ऱ, हलन्त, य. काही साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य असं लिहितात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण पहिल्या शब्दाची लेंग्थ ७ आणि दुसऱ्याची ८. फाइंड अक्षरांच्या कोडची तुलना करतं, दिसण्याची नाही, त्यामुळे एकाने हायरार्कीत टाइप केलेलं नाव दुसऱ्याच्या कोडला सापडत नाही. तिसरा प्रकारही आहे: र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ. त्याचीही लेंग्थ ८ येते. स्ट्रिंगचं नॉर्मलाइझ फंक्शन तिसऱ्या प्रकाराला पहिल्यासारखं करून देतं, पण जॉइनरवाल्याला हात लावत नाही. म्हणून कोड ज्या नावांनी शोधणार ती रोमन लिपीत, जागा न सोडता ठेवा. मराठी मजकूर खेळाडूला दिसणाऱ्या लेबलमध्ये हवा, ऑब्जेक्टच्या नावात नको.

नाव बदलताना आणखी एक गोष्ट तपासा. ॲनिमेशन क्लिपसुद्धा मुलांचे पाथ नावानेच साठवतात. पॅनेल सरकत आत येण्याचं ॲनिमेशन असेल आणि मधल्या ऑब्जेक्टचं नाव बदललं, तर ॲनिमेशन विंडोत ती ओळ पिवळी होऊन "मिसिंग" दिसते. कोड दुरुस्त करून भागत नाही, क्लिपही दुरुस्त करावी लागते.

आकड्यांची बटणं

लेव्हल निवडायच्या स्क्रीनवर १२ बटणं आहेत, नावं "लेव्हल_01" ते "लेव्हल_12". फॉर लूपमध्ये नाव जुळवताना आकडा सरळ जोडला तर "लेव्हल_1" तयार होतं आणि पहिली नऊ बटणं सापडत नाहीत, शेवटची तीन सापडतात. टूस्ट्रिंगला "डी२" हा फॉरमॅट द्या (रोमन डी आणि इंग्रजी २), म्हणजे दोन आकडी नाव मिळेल.

मग प्रत्येक बटणाला ॲडलिसनरमध्ये लॅम्डा देऊन लेव्हलचा आकडा पाठवता. इथे लूपचं व्हेरिएबल थेट लॅम्डात वापरलं तर सगळी १२ बटणं लेव्हल १३ उघडायला जातात. लॅम्डा किंमत नव्हे, व्हेरिएबलच धरून ठेवतं, आणि लूप संपल्यावर त्या व्हेरिएबलमध्ये १३ असतात. लूपच्या आत पहिल्या ओळीत नवं लोकल व्हेरिएबल घेऊन त्यात आकडा उतरवा आणि लॅम्डात ते वापरा. फॉरईचमध्ये हा त्रास होत नाही.

खरं तर बटणांचा क्रम ठरलेला असेल तर नावाची गरजच नाही. पॅरंटवर गेटचाइल्ड आणि आकडा पुरतो. पण मग मधे कुणी सजावटीची इमेज टाकली की सगळे आकडे एकने सरकतात. माझं मत नावाच्या बाजूने आहे. नाव चुकलं तर चूक दिसते, क्रम चुकला तर चुकीची लेव्हल उघडते.

कधी शोधायचं

सीनमध्ये आधीपासून असलेले ऑब्जेक्ट अवेकमध्ये शोधायला हरकत नाही. अवेक चालतं तोवर सीनमधले सगळे ऑब्जेक्ट तयार झालेले असतात. पण दुसऱ्या स्क्रिप्टने स्वतःच्या अवेकमध्ये मिळवलेले रेफरन्स तुमच्या अवेकमध्ये भरलेले असतीलच असं नाही. ते हवे असतील तर स्टार्टपर्यंत थांबा.

सीनमॅनेजर.लोडसीनच्या पुढच्याच ओळीत नव्या सीनमधलं बटण शोधू नका. सीन त्याच ओळीत लोड होत नाही, पुढच्या फ्रेमला होतो. सीनलोडेड इव्हेंटला फंक्शन जोडा आणि शोध तिथे घ्या.

डिस्ट्रॉयचंही तसंच. ऑब्जेक्ट प्रत्यक्षात त्या फ्रेमच्या शेवटी जातो. जुनी यादी पुसून त्याच फ्रेममध्ये त्याच नावांच्या नव्या ओळी बनवल्या आणि नावाने शोधल्या, तर मरणाच्या दारातली जुनी ओळ हाती लागू शकते. आकडे तिच्यावर लिहिले जातात, ती नाहीशी होते, आणि नवी ओळ कोरी राहते.

आणि लूपमध्ये डॉट नेम वाचत बसू नका. प्रत्येक वाचनाला युनिटी नवी स्ट्रिंग बनवते. दर फ्रेमला शेकडो ऑब्जेक्टची नावं तपासली तर मोबाइलवर गार्बेज कलेक्टरचे झटके जाणवतात.

नावाशिवाय टाइपवरून शोधणारं फाइंडऑब्जेक्टऑफटाइप वापरत असाल तर ते २०२३.१ पासून जुनं ठरवलं आहे. त्याऐवजी आलेल्या फाइंडफर्स्टऑब्जेक्टबायटाइप आणि फाइंडएनीऑब्जेक्टबायटाइप या जोडीतलं दुसरं जलद आहे, कारण ते क्रम लावत नाही. दोन्हींना बंद ऑब्जेक्टही शोधायला सांगता येतं.

यूआय टूलकिटमध्ये

इथे बटण गेमऑब्जेक्ट नसतं, व्हिज्युअल एलिमेंट असतं, त्यामुळे वरचं कोणतंच फाइंड उपयोगी नाही. यूआयडॉक्युमेंट कॉम्पोनंटवरून रूटव्हिज्युअलएलिमेंट घ्या आणि त्यावर क्यू बोलवा:

रूट.क्यू<बटन>("क्लोज-बटन")

क्यू संपूर्ण झाडात खोलवर शोधतं, पाथ लागत नाही, आणि पहिलं जुळलेलं एलिमेंट देतं. सापडलं नाही किंवा टाइप जुळला नाही तर नल. यूआय बिल्डरच्या हायरार्कीत नावापुढे हॅशचं चिन्ह दिसतं. ते स्टाइलशीटच्या भाषेतलं आहे, क्यूला दिलेल्या नावात ते लिहायचं नाही. लिहिलं की नल.

शोध ऑनएनेबलमध्ये घ्या. अवेकमध्ये रूट अजून तयार नसू शकतो. शिवाय गेमऑब्जेक्ट बंद करून पुन्हा चालू केला की यूआयडॉक्युमेंट झाड नव्याने उभं करतं. एकदाच अवेकमध्ये घेऊन जपलेले रेफरन्स तेव्हा जुन्या, पडद्यावर नसलेल्या झाडाचे राहतात. एरर येत नाही, लेबल बदललेलं मात्र दिसत नाही. हे टाळायचं तर स्क्रीन लपवण्यासाठी गेमऑब्जेक्ट बंद करू नका, रूटच्या स्टाइलचा डिस्प्ले नन करा. झाड तेच राहतं, रेफरन्स टिकतात, आणि लपलेली एलिमेंट क्यूला सापडतात.

एकच टेम्प्लेट तीनदा वापरला असेल तर आतली सगळी नावं तीनदा येतात आणि थेट रूटवरून क्यू केलं की नेहमी पहिल्याचंच बटण मिळतं. प्रत्येक इन्स्टन्सला वेगळं नाव द्या, आधी ते शोधा, मग त्याच्या आत क्यू करा. लिस्टव्ह्यूमध्ये ओळी पुन्हा पुन्हा वापरल्या जातात, त्यामुळे तिसऱ्या ओळीचं लेबल शोधून जपून ठेवण्यात अर्थ नाही. थोडं स्क्रोल झालं की तीच ओळ तेराव्या नोंदीची असते. मजकूर भरण्यासाठी बाइंडआयटममध्ये मिळालेल्या एलिमेंटच्या आतच क्यू करा, आणि क्लिकचं फंक्शन मेकआयटममध्ये जोडा. बाइंडआयटममध्ये जोडलं तर प्रत्येक स्क्रोलला एक नवं जोडलं जातं.

प्ले न दाबता तपासणी

ट्रान्सफॉर्म.फाइंड एडिट मोडमध्येही चालतं, याचा फायदा घ्या. स्क्रिप्टमध्ये एक फंक्शन लिहून त्यावर कॉन्टेक्स्टमेनू ॲट्रिब्यूट लावा. त्यात पाथच्या क्लासमधला प्रत्येक कॉन्स्ट घेऊन शोधा आणि न सापडलेल्यांची यादी कन्सोलमध्ये छापा. इन्स्पेक्टरमध्ये कॉम्पोनंटच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत ते फंक्शन दिसेल. डिझायनरने हायरार्की हलवली की कमिट करण्याआधी त्यानेच ते चालवायचं, त्यासाठी कोड उघडावा लागत नाही. हीच तपासणी एडिट मोडच्या टेस्टमध्ये घातली, प्रत्येक पॅनेलचा प्रीफॅब लोड करून त्यावर फिरवली, तर बदललेलं नाव बिल्ड होण्याआधीच पकडलं जातं.